त्रेपन्नाव्या वर्षी जर्मन: शंकरनगरचा मराठीतून शिकवणारा क्लास, वर्षभराचा अनुभव

आधी कारण सांगते, नाहीतर ह्या वयात जर्मन काहून असं सगळेच विचारतात. माझी मुलगी श्टुटगार्टला असते, जावई तिकडचेच. मागच्या वर्षी जानेवारीत इथे नागपूरला लग्न झालं तेव्हा विहीणबाई आल्या होत्या, चार दिवस आमच्याच घरी राहिल्या. आम्ही दोघी शेजारी शेजारी बसायचो आणि नुसतं हसायचो. त्या फुलके कसे फुगतात ते बघायच्या, मी त्यांच्या ताटात अजून एक वाढायची, बस एवढंच बोलणं. पाठवणीच्या वेळी त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि डोळ्यांत पाणी आणून बरंच काही बोलल्या, चांगलं दोन तीन मिनिटं, आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही. पोरीला विचारलं तर ती स्वतःच रडत होती, नंतर सांगते म्हणाली आणि ते राहूनच गेलं. त्या रात्री मी ठरवलं की ही भाषा आपल्याला यायला पाहिजे.

पहिला अनुभव वाईट होता तो पण लिहिते म्हणजे फरक कळेल. आधी मी एका मोठ्या क्लासला गेले होते, नाव घेत नाही. बॅचमध्ये पस्तीस पोरं, सगळी वीस बावीसची. 2024 मध्ये आपल्या सरकारनी तिकडच्या बाडेन व्युर्टेम्बर्ग राज्याशी कामगार पाठवायचा करार केला ना, तेव्हापासून नर्सिंगवाले, आयटीआयवाले, सगळेच जर्मनकडे वळून राहिले, त्यांना नोकरीसाठी घाई असते आणि ते बरोबरच आहे त्यांच्या जागी. पण तिथे सगळं इंग्रजीतून. मी पहिलीपासून बीएपर्यंत मराठी मिडीयम, इंग्रजी मला कळते पण विचार काही मी इंग्रजीत करत नाही. म्हणजे सर जर्मन वाक्य सांगणार, ते इंग्रजीत समजावणार, मी ते डोक्यात मराठी करणार, तोपर्यंत सर पुढच्या पानावर. तिसऱ्या आठवड्यात मी एक शंका विचारली तर म्हणाले, आंटी तुम्ही टेन्शन नका घेऊ, नुसतं बसा. मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. फी वापस मिळाली नाही.

मग सहा महिने मोबाईलवरचं ॲप केलं, रोज न चुकता. शब्द बरेच झाले, खोटं नाही बोलत, सफरचंद, दूध, मुलगा पाणी पितो वगैरे. पण व्हिडिओ कॉलवर विहीणबाई समोर आल्या की तोंडातून काही निघायचं नाही. ॲपमध्ये चार पर्यायातला एक दाबायचा असतो, समोरच्या माणसाला तर आपणच वाक्य बनवून द्यावं लागते ना.

ह्या क्लासचं मला माझ्या योगाच्या ग्रुपमधल्या ताईनी सांगितलं. मॅडम रिटायर्ड आहेत, घरीच शिकवतात, बॅचमध्ये जास्तीत जास्त आठ जण. नाव पत्ता इथे टाकू नका असं त्यांनीच सांगितलं, एकट्या आहेत आणि जास्त फोन आले तर त्यांना झेपत नाही. शंकरनगर चौकाजवळ एवढं पुरे. माझ्यासारखं पूर्व नागपुरातून यायचं असेल तर आंबेडकर चौकातून मेट्रोत बसलं की शंकरनगर थेट येते, सीताबर्डीला बदलावं लागत नाही. आमच्या बॅचमध्ये एक बँकेतून रिटायर्ड काका आहेत, दोघी नर्स आहेत पस्तीस चाळीसच्या, एक जण नवऱ्याकडे जायला ए1 म्हणजे जर्मनची सगळ्यात पहिली पातळी पाहिजे म्हणून आलेली नवीन लग्न झालेली पोट्टी, आणि मी.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हे सगळं लिहून राहिले. मॅडम मराठीतून शिकवतात. म्हणजे फक्त समजावताना मराठी बोलतात असं नाही, मराठीच्या आधारानी शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, थंडी वाजली तर तुम्ही काय म्हणता? आम्ही म्हटलं, मला थंडी वाजते. मग म्हणाल्या, मी थंड आहे असं म्हणता का? नाही. तर जर्मन माणूस पण नाही म्हणत, तो म्हणतो मिअर इस्ट काल्ट, मिअर म्हणजे मला. इंग्रजीवरून जो शिकतो तो इश बिन काल्ट म्हणून बसतो आणि त्याचा अर्थ मी मायाळू नाही असा काहीतरी होतो. मला आवडते हे पण तसंच, आपल्याकडे पुस्तक मला आवडते, त्यांच्याकडे पण पुस्तक मला आवडते, जसंच्या तसं. त्या मोठ्या क्लासमध्ये डेटिव्ह डेटिव्ह म्हणून जे घाबरवलं होतं ते आपली स ला ते, स ला ना ते निघाली हो. शाळेत विभक्त्या पाठ करताना कंटाळा यायचा आणि आज त्याच चाळीस वर्षांनी कामी आल्या.

आकडे पण तसेच. माझं वय त्रेपन्न, त्यात तीन आधी आणि पन्नास मागून. जर्मनमध्ये द्राय-उन्ट-फ्युन्फत्सिश, म्हणजे तीन आणि पन्नास. इंग्रजी मिडीयमची पोरं इथे फोन नंबर लिहिताना सारखी उलटे लिहायची, आम्हाला काही त्रास नाही. (2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं आलं होतं तेव्हा केवढा गोंधळ झाला होता आठवते का, मॅडम म्हणाल्या की एकवीस बावीसची सवय असली की जर्मन आकडे पण सोपे जातात.) कारण लावून वाक्य केलं की क्रियापद शेवटी, वाइल इश इन नागपूर वोने, कारण मी नागपूरला राहते. आणि ती जी त्यांची झेड लिहिलेली अक्षरं असतात ना, त्याला मॅडम म्हणतात चाकातला च म्हणा, चारातला नको. झालं. इंग्रजी शिकलेल्यांना त्स त्स करत जीभ वळवावी लागते, आपण तो आवाज चांगला, चाळणी, चाक म्हणताना दिवसभर काढतो.

मोठे शब्द बघून आधी मला धडकी भरायची. क्रांकनहाउस. मॅडमनी फळ्यावर मधोमध एक रेघ मारली, क्रांकन म्हणजे आजारी लोक, हाउस घर, आणि खाली लिहिलं रुग्ण + आलय. समास आहे हा, सोडवा. तेव्हापासून मी कुठलाही लांब शब्द दिसला की आधी समास सोडवते.

सगळं सोपं आहे असं मात्र नाही, आणि मॅडम पण तसं खोटं सांगत नाहीत. लिंग हा सगळ्यात मोठा डोंगर आहे. तीन लिंगं आपल्याकडे पण आहेत, डेअर डी दास म्हणजे तो ती ते, त्यामुळे कल्पना कळायला एक मिनिट लागला नाही, हिंदीवाल्यांना तिसरं लिंगच नाही म्हणून त्यांना वेळ लागतो. पण कुठली वस्तू कुठल्या लिंगात हे आपलं आणि त्यांचं जुळत नाही. सूर्य तिकडे ती, चंद्र तो. जेवायच्या टेबलावर तीन वस्तू ठेवल्या तर तिघी तीन घरच्या, चमचा डेअर ल्योफल, काटा डी गाबल, सुरी दास मेसर. चमचा आपल्याकडे पण तो, म्हणून लक्षात राहिला, बाकी दोन्ही उलटे. मुलगी दास मेटशेन, म्हणजे ते. ह्यावर नर्स ताईंना फार राग आला होता, मुलगी ते कशी काय म्हणून. मॅडम म्हणाल्या आपण पोरगं, लेकरू, कोकरू म्हणतो ते पण ते च ना, लहान केलं की नपुंसक, तिकडे शेन लागलं की दास, नियमच आहे. मी घरी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, निळी डेअर, लाल डी, हिरवी दास. फ्रीजवर निळी, दरवाजावर लाल, खिडकीवर हिरवी. कामवाली ताई पण आता खिडकी पुसताना दास फेन्स्टर म्हणते.

पाठांतराचं सांगते कारण आमच्या वयाच्या सगळ्यांची हीच तक्रार असते, रात्री पाठ केलेलं सकाळी आठवत नाही. मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे. मॅडमनी सांगितलं की हे मोजून ठेवलेलं आहे, हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानीच 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून छापलं होतं की पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सगळ्यात जास्त उडून जाते आणि मग हळूहळू. म्हणजे उडणारच, तरुणाचं पण उडते. उपाय म्हणजे उडायच्या आत परत बघायचं, आणि दर वेळी मधलं अंतर वाढवत न्यायचं. त्याच्यासाठी डबा. सेबास्टियान लाइटनर म्हणून एक जण होते, त्यांनी 1970 च्या दशकात ही डब्याची पद्धत लोकांपर्यंत नेली. माझा डबा संत्रा बर्फीचा आहे, एक किलोचा, आत पुठ्ठ्याचे पाच कप्पे केले. जुन्या लग्नपत्रिका कापून कार्ड बनवले, एका बाजूला मराठी शब्द, दुसऱ्या बाजूला जर्मन आणि त्याचं लिंग. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, असं करत पाचवा महिन्यातून एकदा. आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की परत पहिल्यात, मग तो चौथ्यात का असेना. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत माझे वीस कार्ड होतात. ए1 ला साधारण 650 शब्द लागतात, माझ्या पाचव्या कप्प्यात आज चारशेच्या वर आहेत आणि ते कुठे जात नाहीत आता.

उच्चाराचं मात्र वयाशी नातं आहे, ते मान्य करावं लागते. मॅडमनी एक दिवस जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस ह्यांच्या 1984 च्या प्रयोगाचं सांगितलं, कॅनडातला आहे. इंग्रजी घरातल्या सहा आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला त आणि ट वेगळा ऐकू यायचा, तीच बाळं वर्षाची होईपर्यंत तो फरक ऐकू येणं जवळपास बंद, कारण घरात कोणी बोलतच नाही. मला हे ऐकून अंगावर काटा आला. म्हणजे विहीणबाईंना आपला त आणि ट एकच ऐकू येणार का? त्याच रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना म्हणायला सांगितलं, ताक टाक. त्यांनी सांगितलं, टाक टाक. परत सांगितलं, मी हळू म्हणून दाखवलं, जीभ दातांना लावून दाखवली, त्यांनी चार वेळा मन लावून प्रयत्न केला आणि चारही वेळा टाक टाक. मग त्यांनी मला दोन शब्द दिले, शोन आणि श्योन. पहिला म्हणजे झालंसुद्धा, दुसरा म्हणजे सुंदर. मला दोन्ही एकच वाटले. अर्धा तास आम्ही दोघी हेच करत होतो आणि पोरगी मागून, आई मला ऑफिसचं काम आहे फोन दे माझा. कोणाला काय जमत नाही हे एकदा दोघींना कळलं ना की लाज जाते. माझी त्या दिवशी गेली.

तो श्योनचा आवाज मॅडमनी नंतर बसवून दिला. ए म्हणा, ए लांबवत ठेवा, जीभ हलवू नका, आता फक्त ओठ ओ सारखे गोल करा. निघाला की नाही? ई म्हणत ओठ ऊ सारखे केले की दुसरा. पण मी मे महिन्यात हे शिकत होते, बाहेर 45 डिग्री, खोलीत मोठा लोखंडी कूलर, त्याच्या घरघरीत श्योन काय आणि शोन काय काहीच कळायचं नाही. तर मॅडम रोज दहा मिनिटं कूलर बंद करायच्या. फक्त ऐकायचं. पंखा पण बंद. घाम गळून राहिला आणि आम्ही सगळे डोळे मिटून ऐकत बसलेले, मॅडम एक शब्द म्हणणार, आपण एक बोट किंवा दोन बोटं वर करायची. पहिल्या आठवड्यात माझी दहापैकी चार बरोबर यायची. जूनमध्ये पाऊस लागला तोपर्यंत आठ. जन्मापासून नाही ऐकलं तरी कान तयार होतो, वेळ लागतो आणि कोणीतरी कूलर बंद करणारं लागते.

क्लासच्या उणिवा पण लिहिते. घर दुसऱ्या माळ्यावर आहे, लिफ्ट नाही, गुडघ्यावाल्यांनी विचार करावा. ऐकायच्या सरावाला मॅडमच्या मोबाईलचाच स्पीकर, एक साधा ब्लूटूथ स्पीकर घेतला तर खूप फरक पडेल, मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे. लिहिणं कमी होते. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांना शेवटचा एक महिना पेपरचा वेगळा सराव स्वतः करावा लागेल, ए1 ला ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग असतात आणि 100 पैकी 60 ला पास. आमच्या नवीन लग्न झालेल्या पोट्टीनी तसा सराव वेगळा केला आणि पुण्याला जाऊन मॅक्स म्युलर भवनला परीक्षा देऊन आली, पास झाली, आता तिची फाइल लागली आहे. मी परीक्षा दिली नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, परीक्षा पाहिजे की बोलायचं आहे, आणि मी बोलायचं म्हटलं तर त्यांनी माझा अभ्यास त्या हिशोबानी बदलला, स्वयंपाकघर, तब्येत, लहान मूल, हवामान ह्याचे शब्द आधी दिले, ऑफिस हॉटेलवाले मागे ठेवले. एवढं कोण करते? आणि वेग कमी आहे. ए1 ला आम्हाला सात महिने लागले. ज्याला दोन महिन्यांत पाहिजे त्यानी इथे येऊ नये, रागावून नाही सांगत, खरंच त्यांच्या कामाचं नाही.

अजून एक गोष्ट जिची माझी तयारी नव्हती. विहीणबाई क्लासमधलं जर्मन बोलतच नाहीत. त्या श्वेबिश बोलतात, श्टुटगार्टकडची बोली. इस्ट ला इश म्हणतात, निश्ट ला नेट, घराला हाउसच्या ऐवजी हॉयस्ले. मी सात महिने शिकून फोन लावला आणि पहिली पाच मिनिटं मला परत काही कळलं नाही, खूप रडायला आलं. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, तुमच्या पुण्याच्या नणंदेकडे तुम्ही सांबार आणा म्हटलं होतं तेव्हा काय झालं होतं? झालं असं होतं की आपल्या नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि त्यांनी मला डोशाचं सांबार आणून दिलं होतं. मॅडम म्हणाल्या, त्या त्यांची वऱ्हाडी बोलून राहिल्या, तुम्ही क्लासमधली प्रमाण भाषा शिकल्या, दोन्ही जर्मनच आहे. त्यांना सांगा तुमचे शब्द मला शिकवा म्हणून. मी सांगितलं. विहीणबाईंना एवढा आनंद झाला की विचारू नका, त्यांच्या आईची भाषा कोणी शिकायला मागते हे त्यांना वाटलंच नव्हतं. आता माझ्या डब्यात श्वेबिशचा एक वेगळा सहावा कप्पा आहे.

आणि दू आणि झी चं राहिलं. दू म्हणजे तू, झी म्हणजे तुम्ही. मागे एका कॉलवर विहीणबाई म्हणाल्या आपण एकमेकींना दू म्हणू. तिकडे वयानी मोठी असेल तिनीच हे म्हणायचं असते, त्या माझ्याहून नऊ वर्षांनी मोठ्या आहेत, म्हणजे मान देऊनच म्हणाल्या. पण विहिणीला तू? आमच्या घरात सासूबाई त्यांच्या विहिणींना शेवटपर्यंत अहो जाहो करायच्या. माझं तोंडच उठेना. मी दोन आठवडे झी च म्हणत राहिले आणि मग पोरीनी सांगितलं की आई, त्यांना वाटून राहिलं की तुला त्यांच्याशी जवळीक नको आहे. मॅडमशी बोलले, त्यांनी सांगितलं की मान शब्दात ठेवू नका, आवाजात ठेवा. मग एका रविवारी मी म्हटलं, दू. आणि दू म्हणूनच विचारलं की पाठवणीच्या दिवशी माझे हात धरून काय बोलली होतीस? भूतकाळाचं वाक्य आहे ते, ए1 मध्ये जेमतेम येते, मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं. त्या थोडा वेळ थांबल्या. मग श्वेबिश सोडून, पुस्तकातल्या जर्मनमध्ये, एक एक शब्द सुटा करून सांगितलं की तुझी मुलगी आता माझ्या घरी येऊन राहिली आहे, पण ती तुझीच आहे, आणि तिला जेव्हा आई पाहिजे असेल तेव्हा मी तिला माझ्याकडे नाही, तुझ्याकडे पाठवीन. कोणाला मधे घ्यावं लागलं नाही. मला सगळं कळलं, एक शब्द सोडून, आणि तो मी त्यांनाच विचारला.

माझ्याकडून 5 पैकी साडेचार, अर्धा त्या स्पीकरचा कापला. फी मोठ्या क्लासच्या जवळपास निम्मी आहे आणि दोन हप्त्यांत देता येते, आजारी पडलात तर राहिलेला तास मॅडम फोनवर भरून देतात. आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळी साडेपाच ते सात, शनिवार रविवार नाही. नवीन बॅच दिवाळीनंतर आहे, दोन जागा आहेत असं परवा म्हणत होत्या. ज्यांना खरंच पाहिजे त्यांनी मला मेसेज करा, मी मॅडमना विचारून नंबर देते. वही मोठी आणा, आणि मिठाईचा एक रिकामा डबा.